खुलासा: फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट)

‘फोर्ज्ड पिस्टनलाही कंपनीच्या पिस्टनइतकाच क्लिअरन्स ठेवा, थंड इंजिन खडखडलं म्हणजे काम चुकलं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

फोर्ज्ड पिस्टन बहुतेक 4032 किंवा 2618 या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे असतात. 4032 मध्ये सुमारे 12 टक्के सिलिकॉन असतं. 2618 मध्ये ते जवळजवळ नसतंच, त्यामुळे तापल्यावर तो जास्त फुगतो. 86 मिमी बोअरच्या (सिलिंडरचा आतला व्यास) टर्बो इंजिनात 2618 च्या पिस्टनला साधारण 0.08 ते 0.10 मिमी क्लिअरन्स लागतो. तिथे 0.03 मिमी ठेवला तर लोड येताच स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) घासतो, सिलिंडरवर ओरखडे उठतात, पिस्टन जाम होतो. थंड इंजिनाचा खडखडाट या जास्त फटीमुळे असतो, इंजिन गरम झाल्यावर तो थांबतो. थांबला नाही तरच तपासा.

अंतिम आकडा पिस्टनसोबतच्या कागदावरचाच धरा, स्कर्टचं मापही त्यात सांगितलेल्या उंचीवरच घ्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ग्रुपवर असेल तर काढून टाका.