चार दिवसांच्या पाहुण्यासाठी कॉट कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

छोट्या खोलीत पाहुण्यांच्या झोपण्याची सोय कशी करावी, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि बरंच कडक लिहिलंत. उत्तर लांबणार आहे, म्हणून वेगळंच लिहितेय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी मुद्दे थोडक्यात सांगते. मी सुचवलेली कॉट, म्हणजे जिच्या पोटातून दुसरी कॉट ओढून काढता येते ती, वर्षातले बहुतेक दिवस रिकामी राहून जागा अडवते. जागाच वाचवायची तर भिंतीला मिटणारा पलंग घ्यावा, पण तो मी दोन ओळींत निकालात काढला. सोफा-कम-बेडवर मी एका फसलेल्या खरेदीवरून राग काढला. आणि शेवटचा मुद्दा तुमच्याच शब्दांत: ‘आपल्याकडे पाहुणे कायम खाली गादीवरच झोपत आले, चार दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला?’

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

आमच्याकडेही पंधरा वर्षं खाली गादीच होती. कापसाच्या चार गाद्या, वळकट्या करून माळ्यावर ठेवलेल्या. कोणी आलं की काढायच्या, गेले की पुन्हा चढवायच्या. मिरजेची मावशी दरवर्षी यायची, त्याच गादीवर झोपायची, आठ-आठ दिवस राहायची. ती सत्तरीला टेकली त्या वर्षीही आम्ही तशीच गादी घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी पाणी भरायला उठले, तर मावशी हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शाल पांघरून बसलेली. तीनला ती बाथरूमला उठली होती. उठताना आधी कुशीवर वळली, मग दोन्ही तळवे फरशीवर टेकले, गुडघ्यावर आली आणि खिडकीचं ग्रिल धरून उभी राहिली. हे सगळं तिने मला नंतर करून दाखवलं. एवढं करून उठल्यावर पुन्हा खाली बसायची तिला भीती वाटली, म्हणून दोन तास ती खुर्चीवर बसून राहिली. मला उठवलं का नाहीस, विचारलं तर म्हणाली, ‘अगं, झोप झालीच होती माझी.’ आठ दिवसांसाठी आलेली मावशी घरी कामं पडलीत म्हणून चौथ्या दिवशी निघाली.

आपली माणसं तक्रार करत नाहीत. ‘चालतं गं मला’ म्हणतात आणि पुढच्या खेपेला लवकर निघतात, किंवा येतच नाहीत. माझ्या लेखात जे काही आहे ते त्या पहाटेपासून सुरू झालेलं आहे, आणि हे मी तिथे लिहायला हवं होतं. ते न लिहिल्यामुळे लेख नुसता फर्निचरचा झाला, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

म्हणून मी आधी गुडघे बघते, मग खोली. गादीसकट कॉटची उंची साधारण १८ इंच हवी, म्हणजे कडेवर बसल्यावर पावलं फरशीला पूर्ण टेकतात आणि हाताचा रेटा देऊन उठता येतं. मोजायची सोपी युक्ती म्हणजे घरातली जेवणाची खुर्ची. तिच्यावर ज्येष्ठ माणूस सहज बसत-उठत असेल तर तीच उंची कॉटला ठेवा. दुकानात बॉक्सच्या कॉटवर आठ इंची गादी घालून दाखवतात. दिसायला ती छान दिसते, पण बुटक्या बाईचे पाय त्यावर लोंबकळतात. सुताराकडून करून घेणार असाल तर त्याला आधी गादीची जाडी सांगा, लाकूडकाम मग.

आता जागेबद्दल. आमची पाहुण्यांची खोली नऊ बाय दहाची, बिल्डरच्या भाषेत अडीच बीएचकेतली अर्धी. सव्वासहा फूट बाय तीन फुटांची कॉट तिथे पावणेएकोणीस चौरस फूट घेते, म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा. साडेसहा बाय पाचचा डबल बेड टाकला असता तर साडेबत्तीस चौरस फूट गेले असते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, आणि कपाटाचं दार कायम बेडला आपटलं असतं. खालची कॉट ओढली की आमच्याकडेही साधारण तेवढीच जागा जाते, पण ती फक्त रात्रीपुरती. दिवसा वरच्या कॉटला मागे दोन लोड लावले की मुलगी तिथेच पुस्तक घेऊन पडते, मी इस्त्रीचे कपडे तिथेच घडी करते. त्यामुळे ती रिकामी राहते हे आमच्या घरापुरतं तरी खरं नाही. तुमच्याकडे त्या खोलीत ऑफिसचं टेबल-खुर्ची आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे मात्र कॉट आड येईल, हे मान्य.

काहीही घेण्याआधी रद्दीचे पेपर जमिनीवर मांडून बघा, हे मी सगळ्यांना सांगते. कॉटच्या मापाचे पेपर चिकटपट्टीने जोडा, जागेवर ठेवा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. खोलीचं दार पूर्ण उघडतंय का, कपाटातली खालची फळी काढता येते का, खिडकीपर्यंत हात पोहोचतो का, हे सगळं त्या पेपरांवर पाय पडायला लागला की कळतं. एका बाजूने दोन फूट मोकळे राहिलेच पाहिजेत, नाहीतर रात्री उठणाऱ्याला भिंत चाचपत जावं लागतं.

भिंतीतल्या पलंगावर मी अन्याय केला, हे कबूल. तुम्ही त्याला नवं तंत्र म्हणालात, पण ते शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा पलंग बनवला, आणि इंग्रजीत अजूनही त्याला मर्फी बेड म्हणतात. एका खोलीत राहणाऱ्या, रोज रात्री स्वतःच उघडून सकाळी स्वतःच मिटणाऱ्या माणसासाठी त्याच्याइतकी चांगली सोय नाही. मुंबईत वन आरकेत राहणाऱ्या धडधाकट जोडप्याला मी तोच घ्यायला सांगेन.

पण घ्यायच्या आधी भिंत तपासा. आजकालच्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती पांढऱ्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या असतात, त्याही चार इंची. त्या ब्लॉकमध्ये साधा खिळासुद्धा नीट धरत नाही. मिटलेला पलंग वरून पुढे झुकू पाहतो आणि तो ताण भिंतीतल्या बोल्टांवर येतो. तिथे नेहमीचे फास्टनर भरवशाचे नाहीत, रसायन भरून बसवायचे अँकर, म्हणजे भोकात चिकटून घट्ट बसणारे बोल्ट, लागतात किंवा बोल्ट काँक्रीटच्या कॉलम-बीममध्ये घ्यावे लागतात. दुसरी गोष्ट पलंग उचलणाऱ्या पिस्टनची. ते गादीच्या वजनावर ठरवलेले असतात. नंतर हलकी गादी टाकली तर पलंग खाली राहायला कुरकुरतो, जड काथ्याची टाकली तर उघडताना धाडकन येतो. पिस्टन जुने झाले की तेही सैल पडतात. घरात फक्त सासू-सासरे किंवा आई-बाबा असताना पाहुणा आला, तर तो पलंग उघडणार कोण? तुमच्या घरी हे उघडायला कायम कोणीतरी असेल आणि भिंत पक्की असेल, तर माझा विरोध नाही.

सोफा-कम-बेडबद्दल तुम्ही म्हणता तसं, आमची एक खरेदी फसली होती. दुकानाचं नाव तेव्हाही लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. पण माझा आक्षेप त्या एका नगावर नाही. पुढे ओढून उघडायच्या सोफ्यात गादी दुमडून मावावी लागते, म्हणून ती पातळ असते, आणि जिथे दुमडते नेमका तिथेच खाली लोखंडी आडवा दांडा येतो. तो बरोबर कमरेखाली. एक रात्र निघते, तिसऱ्या दिवशी माणूस कंबर धरून चहाला येतो. शिवाय उघडल्यावर तो भिंतीपासून जवळजवळ सात फूट पुढे येतो, म्हणजे टीपॉय रोज रात्री दुसऱ्या खोलीत. पाठ आडवी पाडायचा सोफा यापेक्षा बरा, त्यात दांडा नसतो, पण मधली खाच लागते. तिच्यावर दोन-तीन इंचांची वेगळी गादी पसरली तर झोप येते. ही शेवटची सूचना मूळ लेखात नव्हती, तुमच्यामुळे सुचली.

गौरी-गणपतीला सहा-सात माणसं आली तर कुठलीच कॉट पुरणार नाही, हे तुमचं अगदी बरोबर. तेव्हा खाली गाद्याच घालायच्या, आणि तरुण मंडळींना त्यात मजाही येते. आमच्या ओढायच्या कॉटचा खालचा भागसुद्धा जेमतेम सात-आठ इंच उंच आहे, तो मुलांसाठी आणि माझ्या भावासाठी. वरची जागा गुडघेवाल्यांची, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, तीही चूक. त्यांनी घडीची लोखंडी कॉट घ्यावी, पण नवारीची नको. नवार सैल झाली की झोळी होते आणि त्यातून उठणं फरशीवरून उठण्याइतकंच अवघड. प्लायच्या फळीची घडीची कॉट मिळते, ती दाराआड उभी राहते आणि घर बदललं तरी बरोबर येते.

कापसाच्या गादीची तुम्ही बाजू घेतलीत, तिथे मी पूर्णपणे तुमच्याबरोबर आहे. आमच्या चारपैकी दोन गाद्या मी पिंजून घेतल्या आणि त्यातलीच एक आता वरच्या कॉटवर आहे. तिला महिन्यातून एकदा गच्चीवर ऊन दाखवलं की पुरतं. पावसाळ्यात मात्र बॉक्समध्ये कोंडलेल्या गाद्या-उशांना कुबट वास येतोच, म्हणून सुताराकडून बॉक्सच्या मागच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडून घेतली.

मावशी गेल्या दिवाळीनंतर आली होती आणि बारा दिवस राहिली.

तुमच्या खोलीचं माप दिलंत, पण दार आत उघडतं की बाहेर आणि टेबलामागची भिंत कशाची आहे ते लिहिलं नाहीत. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहा, पोकळ वाजते की भरीव, आणि कळवा. राहायला येणाऱ्यांमध्ये सगळ्यात वयस्कर कोण आहे, तेही लिहा.