दह्याचा डबा कुठे टाकू?

जर्मनीला निघालेल्या माणसाला थंडीची, भाषेची आणि शाकाहाराच्या हालांची यथेच्छ भीती घातली जाते. कचऱ्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आधी आलेल्यांनी उगवलेला सूड असावा.

पुण्यात ओला आणि सुका एवढं कळलं की माणूस सुजाण नागरिक ठरतो. इथे इमारतीमागे चार डबे उभे: पिवळा वेष्टनांचा, निळा कागदाचा, तपकिरी ओल्याचा आणि काळा उरल्यासुरल्याचा. त्यातही काही गावांत पिवळ्या डब्याऐवजी पिवळ्या पिशव्या. म्हणून आल्या आल्या पालिकेचं कचऱ्याचं वेळापत्रक मिळवा आणि फ्रिजवर कालनिर्णयशेजारी लावा. संकष्टी चुकली तर गणपती सांभाळून घेईल, पण काळ्या डब्याची तारीख चुकली की पुढच्या फेरीपर्यंत वास आपला आपण घ्यायचा.

आता दही संपलं असं समजा. वरचा अॅल्युमिनियमचा पापुद्रा अर्धवट लोंबकळत ठेवायचा नाही, पूर्ण सोलायचा. दोन वेगळे पदार्थ चिकटलेले असले की छाननीच्या यंत्राचा गोंधळ होतो. भोवती पुठ्ठ्याचं कडं असेल तर ते निळ्यात. डबा आणि पापुद्रा दोन्ही पिवळ्यात, पण सुटे सुटे. रिकामे डबे एकात एक बसवणं हा आपला जन्मजात संस्कार. तो इथे विसरायचा. आणि डबा धुवायचा नाही! त्यांचा शब्द आहे ‘लोफेलराइन’, म्हणजे चमच्याने निपटून घेतलेला. घासूनपुसून डबे जपणाऱ्या घरात वाढलेल्याला हे फार जड जातं.

निळ्या डब्यापाशी डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. दुकानाची पावती कागदाची दिसते, पण तो थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटणारा कागद, काळ्यात. तेलकट पिझ्झाचा खोका काळ्यात. बेकिंग पेपर, नावात पेपर असूनही, काळ्यात.

काचेसाठी चौकात वेगळ्या टाक्या: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली हिरव्या टाकीत जाते, कारण परका रंग हिरव्या काचेत सगळ्यात जास्त खपून जातो. लोणच्याची बरणी पांढऱ्यात, तिचं पत्र्याचं झाकण पिवळ्यात. फुटलेला पेला मात्र कुठल्याच टाकीत नाही. त्याची काच वेगळ्या तापमानाला वितळते. तो काळ्यात. हे सगळं करायला सवड मिळते रविवारी, आणि रविवारी काच टाकायला बंदी, कारण खळ्ळकन आवाज होतो. तळमजल्यावरच्या आजी पडद्याआडून हजेरी घेतातच.

राहिलं ‘फांड’, बाटलीवरची अनामत. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर 8. आपण सवयीने बाटली चुरगळतो आणि तिथेच फसतो. दुकानातल्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राला बारकोड वाचता आला पाहिजे, नाहीतर ते बाटली थुंकून टाकतं. बाटली रिकामी, आकार शाबूत, बूड पुढे करून आत सरकवायची. शेवटी बटण दाबायचं, नाहीतर आपल्या बाटल्या मागच्याच्या हिशेबात जमा होतात. मग पावती येते; ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर द्यायची.

ती खिशात राहून पँटबरोबर धुतली गेली, तर नऊ बाटल्यांचे सव्वादोन युरो गेले. लगदा निळ्यात टाकू नका. थर्मल आहे, काळ्यात.