‘पूर्ण गुंडाळीच पक्की’ हा निरोप चुकीचा आहे

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: जुन्या अ‍ॅसिडिटीवर जठराच्या पूर्ण गुंडाळीचीच शस्त्रक्रिया करून घ्या, अर्धवट केली तर त्रास परत येतो, आणि मग गोळी जन्मात लागत नाही.

दोन्ही दावे चुकीचे आहेत.

या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निस्सेन पद्धतीत वेढा ३६० अंशांचा असतो, तूपे पद्धतीत मागच्या बाजूने साधारण २७० अंशांचा. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्यापासून अडवण्यात दोन्ही जवळपास सारख्याच. खरा फरक नंतर जाणवतो. पूर्ण वेढ्यात घास अडकणं, ढेकर न येणं, पोट फुगणं जास्त दिसतं. भाकरीचा तुकडा छातीत अडून बसतो तेव्हा माणूस जेवायलाच घाबरतो. हे साधं दुखणं नाही.

गोळ्यांचं म्हणाल, तर २००१ सालच्या एका अमेरिकी पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दहाएक वर्षांनी ६२ टक्के रुग्ण पुन्हा नियमित औषध घेत होते.

कृपया असा निरोप वाचून पद्धत ठरवू नका. एंडोस्कोपी, अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि २४ तासांची आम्लतपासणी यांतलं आपलं काय झालंय, ते आधी सर्जनना विचारा.