मॅच नसलेलं स्टेडियम

मॅच नसताना स्टेडियम बघायला पैसे मोजणारी माणसं वेडी असतात, असं आमच्या फॅमिली ग्रुपवर एकमतानं ठरलेलं आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल स्टेडियमचे फोटो टाकले तर पहिला प्रश्न आला, 'कोण खेळत होतं?' कुणीच नाही म्हटल्यावर लगेच दुसरा, 'मग गेलात कशाला?' दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगते, मला बेसबॉल कळत नाही. बॉस्टनजवळ राहणाऱ्या भाचीनं जेवता जेवता जेवढं डोक्यात घातलं तेवढंच. तीन स्ट्राइक म्हणजे बाद, चार चेंडू वाईड-बिईड पडले तर फुकटात पहिला बेस. एवढ्या भांडवलावर 'आपण फेनवे बघूया का?' म्हटल्यावर तीसुद्धा म्हणाली, "मावशी, तुला काय कळणार आहे गं तिथे? त्यापेक्षा व्हेल बघायला जाऊ." (व्हेल मी दुसऱ्या दिवशी पाहिले. म्हणजे शेपट्या पाहिल्या. आणि उलट्या होणारी बरीच माणसं.)

बॉस्टनला गेलेल्या मराठी माणसाचा रूट ठरलेला असतो. हार्वर्डच्या पुतळ्याचा बूट चोळायचा, एमआयटीच्या पायऱ्यांवर फोटो काढायचा, आपल्या पोरांना यातलं काय जमेल याचा मनातल्या मनात हिशोब करायचा. मग फ्रीडम ट्रेलची विटांची लाल रेघ धरून पाय मोडेपर्यंत चालायचं. सगळं छान आहे, मीही केलं. पण त्या सगळ्या ठिकाणी आजूबाजूला आपल्यासारखेच पाहुणे असतात. फेनवेच्या टूरमध्ये आमच्याबरोबरचे निम्मे लोक तिथल्याच राज्यातले होते, नातवंडांना घेऊन आलेले. गाईड बोलायच्या आधी आजोबाच पुढचं वाक्य सांगून टाकत होते. तिथे मला पहिल्यांदा बॉस्टनची माणसं भेटली.

ग्रीन लाईन ट्रेननं केनमोर स्टेशनला उतरायचं, सिट्गो पेट्रोलची ती प्रसिद्ध त्रिकोणाच्या चिन्हाची पाटी बघायची आणि गर्दी जाईल तिकडे चालायचं. बाहेरून हे स्टेडियम वाटतच नाही. लाल विटांची जुनी ठेंगणी इमारत, गोदाम म्हणून खपून जाईल अशी. 20 एप्रिल 1912 ला इथे पहिला अधिकृत सामना झाला. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, आज वापरात असलेलं हे सगळ्यात जुनं मैदान. पाचच दिवस आधी टायटॅनिक बुडाली होती, त्यामुळे बॉस्टनच्या पेपरांतही उद्घाटनाला फारशी जागा मिळाली नाही. तेव्हाचे महापौर जॉन फिट्झजेराल्ड, म्हणजे पुढे अध्यक्ष झालेल्या केनेडींचे आजोबा, यांनी पहिला चेंडू टाकला आणि बॉस्टनच्या रेड सॉक्स संघानं न्यूयॉर्कच्या संघाला 11 इनिंगमध्ये 7-6 असं हरवलं. तेच न्यूयॉर्कवाले पुढे यांकीज झाले, आणि त्यांनी काय केलं ते खाली येतंच आहे.

आत शिरल्यावर आधी ती भिंत दिसते. लेफ्ट फील्डच्या टोकाला हिरवीगार, 37 फूट 2 इंच उंच, साधारण चार मजली बिल्डिंगएवढी. ग्रीन मॉन्स्टर. तिच्यामागे लॅन्सडाउन स्ट्रीट आहे, रस्ता काही हलवता येत नाही, मग मैदानच त्या बाजूला आखूड झालं: होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) भिंत जेमतेम 310 फुटांवर. अंतर कमी म्हणून उंची जास्त. दुसऱ्या कुठल्या मैदानावर आरामात बाहेर गेला असता असा फटका इथे भिंतीवर आपटून परत येतो, आणि दुसरीकडे सहज झेल झाला असता असा उंच चेंडू इथे कडेवरून पलीकडे जातो. हे गाईड समजावत होता तेव्हा मी गालातल्या गालात हसत होते. आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत हेच तर होतं! डावीकडे कुलकर्ण्यांची भिंत, थेट लागला तर दोन रन, वरून गेला तर आऊट आणि बॉल आणायला तूच जायचं. फरक इतकाच की बॉस्टनवाल्यांनी गल्लीतल्या नियमावर शंभर वर्षं काढली आणि कोट्यवधी डॉलर्सचे खेळाडू त्या भिंतीवरून चेंडू कसा उसळतो याचा अभ्यास करतात.

भिंतीच्या पायथ्याशी स्कोअरबोर्ड आहे आणि तो हातानं चालतो. आत माणसं बसतात आणि फटींतून आकड्यांच्या पाट्या सरकवतात. आत टॉयलेट नाही, उन्हाळ्यात उकडतं, एप्रिलमध्ये कुडकुडायला होतं. आतल्या भिंती खेळाडूंच्या सह्यांनी भरलेल्या आहेत म्हणे, आम्हाला काही ते दर्शन झालं नाही. पण एक गोष्ट मी भाचीला हात धरून दाखवली. भिंतीवर एक लोखंडी शिडी आहे. पूर्वी भिंतीच्या वर जाळी होती, तिच्यात अडकलेले चेंडू काढायला माणूस शिडीवरून चढायचा. 2003 मध्ये जाळी गेली आणि भिंतीच्या माथ्यावर खुर्च्या बसवल्या. शिडीचं काम संपलं, ती तशीच आहे. खेळ चालू असताना चेंडू तिच्यावर आदळून भलतीकडे जाऊ शकतो, तरीही. आपल्याकडे असती तर पहिल्याच रंगकामात भंगारात गेली असती.

त्या माथ्यावरच्या खुर्च्यांवरून समोर राइट फील्डच्या बाजूला, हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच लाल खुर्ची दिसते. सेक्शन 42, रांग 37, सीट 21. जून 1946 मध्ये रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू 502 फुटांवर तिथे पडला. पडला म्हणजे तिथे बसलेल्या गृहस्थाच्या स्ट्रॉ हॅटवर, टोपीला भोक पाडून. पुढे डेव्हिड ऑर्टिझसारख्या दांडगट फटकेबाजानंही 'इतक्या लांब कुणी मारूच शकत नाही' म्हणून जाहीर शंका घेतली. गाईडनं हे सांगितल्याबरोबर आमच्यातल्या एका आजोबांनी त्याच्याशी वाद घातला. रिकाम्या मैदानात, जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वीच्या फटक्यावरून! मला त्या क्षणी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्यासारखं वाटलं.

वानखेडेवर आता हे आलंय, बरं का. 2011 च्या फायनलमध्ये धोनीचा तो षटकार जिथे पडला, तिथल्या खुर्च्या स्मारक म्हणून राखायचं मुंबई क्रिकेट असोसिएशननं 2023 मध्ये ठरवलं. मला ही बातमी फार आवडली होती. पुतळ्यापेक्षा खुर्ची बरी. पुतळ्याखाली उभं राहून आपण फोटो काढतो, खुर्चीकडे बघून मात्र मनात चेंडूचा अख्खा प्रवास मोजतो.

आता यांकीज. 1918 मध्ये रेड सॉक्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकले. मग मालक हॅरी फ्रेझीला पैशांची चणचण. त्यानं बेब रूथ नावाचा, पुढे बेसबॉलची दंतकथा झालेला पोरगा न्यूयॉर्कला विकून टाकला, जानेवारी 1920 मध्ये ते जाहीर झालं. एक लाख डॉलरला. वर यांकीजच्या मालकाकडून तीन लाखांचं कर्ज घेतलं, आणि तारण काय ठेवलं? फेनवे पार्क. म्हणजे हिरा विकला आणि घरही त्याच सावकाराकडे गहाण! 1918 च्या त्या विजेतेपदानंतर 86 वर्षांचा दुष्काळ. 2004 मध्ये यांकीजविरुद्धच्या मालिकेत 0-3 असे मागे पडून ओळीनं चार सामने जिंकले आणि मग वर्ल्ड सिरीज. त्या वर्षी बॉस्टनची माणसं आई-वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर जाऊन संघाचे झेंडे ठेवून आली. हे सांगताना गाईडचा आवाज बदलला. तो सत्तरीचा असेल. दिवसातून कितीदा हेच सांगत असेल, तरी बदलला.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण फेनवेची मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट गोड नाही.

ज्या रस्त्यावरून आपण आत जातो त्याचं नाव जर्सी स्ट्रीट. 1977 पासून 2018 पर्यंत त्याचं नाव यॉकी वे होतं. टॉम यॉकी म्हणजे 1933 ते 1976 संघाचा मालक. मैदानाची मोठी डागडुजी यानंच केली, दानधर्मही पुष्कळ. पण त्याच्याच काळात रेड सॉक्स हा काळा खेळाडू घेणारा मेजर लीगमधला शेवटचा संघ ठरला. ही बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानात उतरला 1947 मध्ये. बॉस्टननं पम्प्सी ग्रीनला उतरवलं जुलै 1959 मध्ये. बारा वर्षं! आणि याहून कडू म्हणजे तोच रॉबिन्सन एप्रिल 1945 मध्ये याच मैदानावर ट्रायलला येऊन गेला होता. एका नगरसेवकानं रविवारच्या सामन्यांचा परवाना अडवण्याची धमकी दिली, म्हणून ती ट्रायल घेतली गेली. नंतर त्याला कुणी बोलावलंच नाही. आज राइट फील्डवर निवृत्त केलेल्या जर्सी नंबरांत रॉबिन्सनचा 42 आहे, कारण तो सगळ्याच मैदानांवर लावतात. ज्यांनी त्याला परत पाठवलं त्यांच्याच छपराखाली तो आकडा आहे. मी तिथे जरा जास्तच वेळ थांबले.

2018 मध्ये आताच्या मालकांनीच शहराकडे अर्ज करून रस्त्याचं नाव परत जर्सी स्ट्रीट करून घेतलं. यॉकीच्या नावाची संस्था चालवणाऱ्यांनी विरोध केला, तो ऐकला गेला नाही. आणि गंमत बघा, त्या हातानं चालणाऱ्या स्कोअरबोर्डवर उभ्या पांढऱ्या पट्ट्यांत टिंबं आणि रेघा आहेत. तो मोर्स कोड आहे, यॉकी आणि त्याच्या बायकोच्या नावांची आद्याक्षरं. रस्त्यावरून नाव उतरलं, भिंतीवर राहिलंय. वाचता येणाऱ्यालाच कळेल असं.

ही कथा अमेरिकेची म्हणून 'तिकडे बाई फारच' असं म्हणून आपण मोकळे होतो. माझं बालपण पुण्यात गेलं. क्रिकेट रक्तात, रेडिओवरची कॉमेंट्री पाठ. पण बाळू पालवणकर हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते चाळिशी उलटल्यावर. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात साहेबांच्या क्लबमध्ये खेळपट्टी रोल करायचं, जाळ्या लावायचं काम करायचा, इंग्रज फलंदाजांना सरावाला तासन् तास गोलंदाजी करायचा. नंतर हिंदूंच्या संघानं (तेव्हा संघ धर्मावरून असत) त्याला घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानात चेंडू त्याच्याच हातातून सगळ्यांकडे जायचा. चहाच्या वेळी मात्र इतर जण पॅव्हेलियनमध्ये कपातून पीत, आणि त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराच्या वर विकेट्स काढल्या. हिंदूंचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये.

फेनवेला तासाभरात मला एक अख्खं शहर कळलं, त्याचे रुसवे, त्याचं कर्ज, त्याची लाज. पुण्यात पंचवीस वर्षं राहून एकाही मैदानावर उभं राहून मला कुणी सांगितलं नाही की बघ, इथे बाळू गोलंदाजी करायचा आणि तिथे बाहेर चहा प्यायचा. मैदानं तर आपल्याकडेही बोलकी आहेत. पण आपण ती मॅचपुरती उघडतो आणि मॅच संपली की शिट्ट्या मारून हाकलून देतो. माझी तक्रार ही आहे, बेसबॉल-बिसबॉल निमित्त आहे.

जुनं ते सगळं सोनं असंही नाही, हेही सांगायला हवं. फेनवेच्या ग्रँडस्टँडमधल्या लाकडी खुर्च्या इतक्या अरुंद आहेत की नवऱ्याचे गुडघे पुढच्या पाठीला टेकले आणि तो तसाच वाकडा बसून राहिला. मधेमधे छपराचे लोखंडी खांब. मी मुद्दाम एका खांबामागच्या सीटवर बसून बघितलं: पिचरही (म्हणजे त्यांचा गोलंदाज) दिसेना आणि बॅटरही. अशाही सीटचं तिकीट ते विकतात, 'दृष्टीआड' असं तिकिटावर छापून! 1999 मध्ये तेव्हाच्या मालकांनी हे पाडून शेजारी नवं बांधायचं जाहीर केलंच होतं. लोकांनी आरडाओरडा केला, 2002 मध्ये मालक बदलले आणि त्यांनी आहे तेच सुधारायचं ठरवलं. 37-38 हजारांचं मैदान, वानखेडेपेक्षा थोडंच मोठं. धंद्याच्या हिशोबानं वेडेपणाच. पण आज जगभरातून माणसं रिकामं मैदान बघायला पैसे मोजतात, त्यात मी एक.

जाणाऱ्यांसाठी: टूर तासाभराची असते. सामना असेल त्या दिवशी वेळा बदलतात, आधी बघून जा. चढउतार आहे, साडी-चपला नकोत. वर भिंतीवर वारा भयंकर, मेमध्येसुद्धा माझ्या कानांना ओढणी बांधावी लागली.

आता डोक्यात ब्रेबर्न आहे. 1937 चं मैदान, चर्चगेटवरून चालत पाच मिनिटं, आणि मी ते आतून कधी पाहिलेलं नाही. तिथल्या सीटांच्या वाटपावरून मैदानाचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया (सीसीआय) आणि मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनचं भांडण झालं म्हणून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, 1975 मध्ये तिथे पहिली टेस्ट झाली. एका तिकिटांच्या भांडणापायी शेजारी शेजारी दोन स्टेडियम, अशी गोष्ट बॉस्टनवाल्यांकडे असती तर त्यांनी त्याचीच वेगळी टूर काढली असती. सीसीआयचे मेंबर इथे कुणी असतील तर इनबॉक्समध्ये या. मॅच नसेल तेव्हाच न्या. नवऱ्याला पण आणीन, त्याचे गुडघे आता बरे आहेत.