‘निनावी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

न्यूझीलंडचा स्पीडवे (मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यती) रायडर आयव्हन मेजर याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “आडनावाचा उच्चार मॉगर नाही, मेजर. पैसे आणि अपघात यांवर अवाक्षर नाही. ब्रेक नसलेल्या गाडीवर मिनिटभर डावीकडे गोल फिरणं, याला करिअर म्हणायचं? आधी अभ्यास करा, मग लिहा.”

उच्चाराचं तुमचं बरोबर आहे. दुरुस्त केला, आभारी आहे. पण ‘आधी अभ्यास करा’ ही कुठली भाषा? तीही नाव न सांगता?

मिनिटभर, हे खरं. चार रायडर, चार फेऱ्या, साधारण एक मिनिट. ५०० सीसीचं एकच सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारं. ब्रेक नाही आणि बदलायला गिअरही नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उजवीकडे धरायचं, लोखंडी तळ बांधलेला डावा पाय जमिनीवरून घासत न्यायचा आणि सगळा तोल थ्रॉटलवर सांभाळायचा. करून बघितलंय कधी?

मी बघितलंय. एकोणिसाव्या वर्षी कोल्हापुरात एका गॅरेजात हेल्पर होतो. मालकाच्या जुन्या येझदीवर मुरमाच्या मैदानात मागचं चाक घसरवायला शिकत होतो. तिसऱ्या दिवशी आपटलो, खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. घरी नातेवाईक येऊन विचारायचे, “हे काय पोट भरायचं काम आहे?” मी सोडून दिलं. तुमचं वाक्य वाचलं आणि तोच आवाज पुन्हा ऐकू आला, म्हणून एवढं लिहितोय.

मेजरने सोडलं नाही. १९५७ मध्ये सतरा वर्षांचा असताना तो इंग्लंडला विम्बल्डन संघाकडे गेला. तिथे जम बसला नाही, मायदेशी परतला. १९६३ मध्ये न्यूकॅसलसाठी पुन्हा गेला. १९६८, ६९, ७० असा सलग तीनदा जगज्जेता. मग १९७२, १९७७ आणि १९७९. शेवटच्या वेळी वय एकोणचाळीस. तेव्हा जागतिक अंतिम फेरी एकाच दिवशी व्हायची. प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती, म्हणजे वर्षभराच्या मेहनतीचा निकाल जेमतेम पाच मिनिटांत. शर्यत सुरू करायला रायडरांसमोर ताणलेली टेप वर गेल्यावर क्लच सोडायला पापणी लवण्याइतका उशीर झाला, तर पहिल्या वळणावर पुढच्यांच्या चाकांनी उडवलेली माती तोंडावर घ्यायची. मेजर त्या सुरुवातीसाठीच ओळखला जायचा, आणि ते नशिबाने येत नाही. १९५७ ते १९७९, बावीस वर्षं. याला करिअर म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं, तेवढं सांगा.

पैशांचा आणि अपघातांचा विषय वेगळा आहे, त्या लेखाचा तो नव्हताच. इथे वाढवणार नाही.

उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या. फक्त खाली नाव लिहा.