तिथीची पाऊणपट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, साउथ हॅम्स नावाचा समुद्रकाठचा मुलूख आहे. तेथे किंग्जब्रिज गावात आम्ही सहा वर्षे राहत आहोत, आणि या सहा वर्षांत मी गाडी जितकी पुढे चालवली, त्याच्या निम्मी तरी मागे चालवली असेन. येथील आडरस्ते जेमतेम एका गाडीच्या रुंदीचे असून त्यांच्या दोन्ही अंगांना माणसाहून उंच असे दगडमातीचे बांध आणि त्यांवर झुडपांची कुंपणे असतात. पक्ष्यांच्या विणीसाठी 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात शेतकऱ्यांना ही कुंपणे छाटण्यास सहसा मनाई असल्यामुळे, पाहुण्यांचा हंगाम ऐन भरात येतो तेव्हाच रस्ता आणखी हातभर आक्रसतो. समोरून गाडी आली, तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जावे, असा शिष्टाचार आहे. मात्र समोर ट्रॅक्टर असेल तर ती जागा नेहमी आपल्याच मागे जवळ असते.

गेल्या जूनमध्ये माझे सासरे, अण्णा, हर्णैहून आमच्याकडे आले. पहिले दोन दिवस त्यांनी या रस्त्यांकडे मौनपूर्वक पाहिले. तिसऱ्या दिवशी, मेंढ्यांच्या गाडीपुढे मी शंभरेक पावले उलटी सरकत असताना, ते शांतपणे म्हणाले, ‘‘सूनबाई, निसर्ग सुंदर असेल, पण तो दिसतो कुठून?’’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा प्रदेश 1960 साली विशेष सौंदर्याचा म्हणून संरक्षित केला आहे. ते सौंदर्य बांधाच्या पलीकडे असते आणि एखाद्या शेताच्या फाटकातून डोळ्याचे पाते लवावे इतकाच वेळ दिसते.

तेव्हा मोकळे पाणी दाखवावे म्हणून मी बिगबरीचा बेत केला. तेथे किनाऱ्यासमोर बर्ग आयलंड हे छोटे बेट आहे. ओहोटीला तेथे वाळूवरून चालत जाता येते आणि भरतीला उंच मचाणाचा एक समुद्री ट्रॅक्टर माणसांना पाण्यातून नेतो. वाटेवरच्या ॲव्हटन गिफर्ड गावातून एव्हन नदीच्या खाडीकडेने एक जवळचा रस्ता निघतो, जो दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. निघण्यापूर्वी मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधू लागले, तेव्हा अण्णांनी हात वर करून मला थांबवले. ज्या माणसाची हयात हर्णै बंदराच्या साक्षीने गेली, त्याच्यासमोर भरतीची वेळ यंत्राला विचारणे हा एक प्रकारे कुळाचा अपमानच होता.

‘‘तिथीची पाऊणपट करायची,’’ ते म्हणाले. ‘‘आज पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती आणि साडेपाचला सुकती. साडेपाचला रस्ता कोरडा ठणठणीत मिळेल.’’

बरोबर साडेपाच वाजता आम्ही त्या रस्त्याच्या तोंडाशी पोहोचलो. रस्ता नव्हता. भरतीची सूचना देणारा फलक होता, त्याच्या पुढे शांत, रुपेरी, विस्तीर्ण पाणी होते, आणि जेथून आमची गाडी जायची होती तेथून हंसांची एक जोडी जात होती. अण्णांनी आधी पाण्याकडे, मग घड्याळाकडे, आणि शेवटी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की ही खाडी मीच भरून ठेवली असावी.

चंद्र दोन्हीकडे एकच असला, तरी भरतीची लाट प्रत्येक बंदराला आपापल्या वेळेने पोहोचते. पौर्णिमेला कोकणात भरती दुपारच्या सुमारास येते, तर डेव्हनच्या या किनाऱ्यावर सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. ही माहिती मला मोबाइलवर तेथेच, त्या फलकाशेजारी मिळाली, आणि सून या नात्याने मी ती मोठ्याने वाचली नाही. तेवढ्यात आमच्या मागे तिघांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या पाठीला होडी जोडलेली होती, आणि तिच्या मालकाला मागे जाणे अजिबात जमत नव्हते. भरती चढत होती, होडी आडवी होत होती, आणि अण्णा खाली उतरून, स्वच्छ मराठीत आणि दोन्ही हातांनी, त्या गृहस्थांना ‘‘येऊ द्या, येऊ द्या, आता डावीकडे’’ असे सांगत होते. आश्चर्य म्हणजे होडी सरळ झाली.

परतताना अण्णांनी गावातल्या दुकानातून भरतीच्या वेळांची पुस्तिका विकत घेतली. पुढचे चार दिवस ती आणि पंचांग जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडे असायचे, आणि वरणाची वाटी त्यांच्या कडेकडेने फिरवावी लागे. चतुर्थीला त्यांनी नवे सूत्र जाहीर केले: तिथीची पाऊणपट, अधिक साडेसहा तास. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे साडेनऊला भरती. मी पुस्तिका उघडली. तीत नऊ बेचाळीस छापले होते.

अण्णांनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा पाहिला आणि खेदाने मान हलवून म्हणाले, ‘‘बारा मिनिटांनी चुकले हो बिचारे.’’