पापणी उलटून बघायला कोणी शिकवायचं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाच्या ४० शेळ्यांपैकी १४ दगावल्या. "ताई, जंताचं औषध दोनदा पाजलं होतं गं सगळ्यांना," तो फोनवर सांगत होता. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आली, शेळ्या कळपामागे राहायला लागल्या आणि दोन-तीन दिवसांत आडव्या झाल्या. पोटातला रक्त पिणारा जंत, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. धंदा सुरू करण्याआधी भावाने मंगल कार्यालयात भरलेलं एक दिवसाचं शेळीपालन प्रशिक्षण घेतलं होतं. त्यात जाती सांगितल्या, फळ्यावर नफ्याचं गणित मांडलं आणि संध्याकाळी प्रमाणपत्र दिलं. एकाही शेळीला हात लावायची वेळ आली नाही.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहते. नोकरी सांभाळून दोन वर्षं शनिवार-रविवार एका सत्तरीच्या बाईंच्या मेंढ्यांच्या फार्मवर शिकायला जाते. नव्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातून त्या मला मार्गदर्शक म्हणून मिळाल्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात मेंढीची खालची पापणी अंगठ्याने अलगद उलटून दाखवली. आतला रंग लालबुंद असेल तर मेंढी ठीक, पांढराफटक असेल तर जंताने रक्त प्यायलंय. रंग ताडून बघायला पाच छटांचं 'फामाचा' नावाचं कार्ड असतं. ते दक्षिण आफ्रिकेत तयार झालं आणि इथे प्रशिक्षण घेतल्याशिवाय हातात मिळत नाही. औषध फक्त फिकट डोळ्यांच्या जनावरांना पाजायचं. सरसकट पाजत राहिलं की जंत त्या औषधाला दाद देईनासा होतो. शिवाय अळ्या गवताच्या बुडाशी असतात, म्हणून कुरण अगदी खालपर्यंत चरू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी मी सहा मेंढ्यांचे डोळे चुकीचे वाचले. बाईंनी सहाही परत धरायला लावल्या.

भावाचा फोन ठेवल्यावर मला त्या सहा मेंढ्याच आठवत राहिल्या.

आपल्याकडची चर्चा मी रोज वाचते. कर्जमाफी, हमीभाव, अनुदान, शेतकरी मुलांची न जमणारी लग्नं हे सगळे प्रश्न खरे आहेत आणि इथे बसून मी ते हलके लेखणार नाही. पण एखादा तरुण हट्टाने शेतीत किंवा जनावरांत उतरलाच, तर त्याला शिकवणार कोण, हे फारसं कोणी विचारत नाही. शेतकऱ्याच्या पोराला शेती काय शिकवायची, असंच आपण धरून चालतो. पण त्याचा बाप कापूस-सोयाबीन करत आला आणि पोरगा बंदिस्त शेळीपालन करतोय. वारशाने सात-बारा मिळतो, हे कसब मिळत नाही.

अमेरिकेचा कृषी विभाग १० वर्षांपर्यंत शेती केलेल्या माणसाला 'नवा शेतकरी' मानतो. १० वर्षं! एवढा काळ माणूस शिकत असतो, हे त्यांनी व्याख्येतच मान्य केलंय. २००८ च्या शेती कायद्यापासून अशा नव्या शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना शिकवणाऱ्या संस्थांना, विद्यापीठांना केंद्राचं अनुदान मिळतं. आमच्या विस्कॉन्सिनात चराऊ दुग्धव्यवसायाची, म्हणजे गाई कुरणावर चारून दूध काढण्याची, कामातून शिकायची दोन वर्षांची उमेदवारी आहे. अनुभवी गवळ्याच्या हाताखाली सुमारे ४००० तास, आणि त्या कामाचा पगारही मिळतो.

"तिकडे हजार एकरांची शेती, त्यांचं आपल्याला काय सांगतेस?" असं काका म्हणतात. पण इथल्या दर पाचांपैकी साधारण दोन शेतं ५० एकरांच्या आतली आहेत. महाराष्ट्रातल्या सरासरी १.३४ हेक्टरपुढे तीही मोठीच, हे कबूल. इथेही सगळं आलबेल नाही. जमीन महाग आहे, शेतकऱ्यांचं सरासरी वय ५८ च्या वर गेलंय, छोट्या शेतकऱ्याला बाहेरची नोकरी सोडवत नाही. मलाही सोडवलेली नाही. अनुदान ठरावीक वर्षांचं असतं. ते संपलं की शिकवणारी माणसंही पांगतात.

आपल्याकडे चार कृषी विद्यापीठं आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शेतीशाळा तर मला फार आवडते, कारण ती हंगामभर बांधावर भरते. तशी शाळा गोठ्यात का भरू नये? राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या प्रकल्पाला निम्मं, म्हणजे १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यासोबत वर्षभर महिन्यातून दोनदा गोठ्यावर येणारा जाणता पशुपालक द्या आणि त्याला रीतसर मानधन द्या, एवढंच माझं मागणं आहे. फुकटच्या सल्ल्यावर हे चालणार नाही. शिकवणाऱ्याचा दिवस मोडतो, आणि त्याचं ज्ञान कोणाच्या पदवीपेक्षा कमी नाही.

आमच्याच गावच्या शिवारात दरवर्षी मेंढ्या बसवायला येणारे एक धनगर आजोबा आहेत. भावाच्या गोठ्यापासून त्यांचा तळ हाकेच्या अंतरावर असतो, पण त्यांना विचारावं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी भावाला त्यांच्याकडे पाठवलं आणि येण्याचे पैसे ठरवायला सांगितलं. ते आधी नको म्हणाले, मग घ्यायला लागले. परवा भावाने व्हिडिओ कॉल लावला. आजोबांनी एका पाठीची, म्हणजे तरण्या शेळीची, पापणी उलटली, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "हिला बाजूला बांध." कार्ड त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मग भावाने दुसरी शेळी धरली, आणि या वेळी पापणी त्याने स्वतः उलटली.